मदत हवी आहे: स्ट्रोल, सॉन्टर, ॲम्बल, वॉन्डर... फिरण्याचा कुठला शब्द कुठे वापरायचा?

वेरूळची_पायवाट

नमस्कार मंडळी,

वेरूळजवळ आमचा छोटासा होमस्टे आहे. दोन खोल्या, पुढे अंगण, जेवण घरचं. लेणी बघायला येणाऱ्यांत अधूनमधून परदेशी पाहुणेही असतात. त्यांच्यासाठी "आसपास काय बघाल, कसं फिराल" असं एक इंग्रजी पान करून खोलीत ठेवायचं आहे. मजकूर मी मराठीत लिहिला आणि मोबाइलवर भाषांतर करून घेतलं. माझ्या मजकुरात सगळीकडे "फिरा", "हिंडा", "चक्कर मारा" एवढंच होतं. भाषांतरात मात्र दर ओळीला नवा शब्द आला. बीबी का मकबऱ्याला स्ट्रोल, लेण्यांना सॉन्टर, खुलताबादला ॲम्बल, दौलताबादच्या किल्ल्याला वॉन्डर आणि म्हैसमाळला रॅम्बल.

शब्दकोश उघडला तर सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच: रमतगमत चालणे. मग फरक काय? की कुठलाही कुठेही टाकला तरी चालतो? मुलगा म्हणतो, "आई, सगळीकडे वॉक लिही आणि मोकळी हो." पण वाचणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी असेल तर त्याला एखादी ओळ खटकू नये, एवढंच वाटतं.

जाणकारांनी सांगावं. व्याकरणात शिरलात तरी चालेल, पण उदाहरणं द्या.

कोपऱ्यावरचा_चहा

दौलताबादला वॉन्डर? ताई, त्या किल्ल्यातल्या अंधारीची, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेची, रचनाच शत्रूला चकवायला केलेली. तिथं पाहुण्याला भरकटायला सांगितलं तर रात्रीच्या जेवणाला एक ताट कमी लागेल.

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

ताई, आधी वेग डोक्यातून काढून टाका. हे सगळे शब्द हळू चालण्याचेच आहेत, त्यामुळे कोण किती हळू हे मोजत बसलात तर हाती काही लागणार नाही. चालणाऱ्याचं मन कुठं आहे ते बघा. आणि वाक्य बोलणारा त्याच्याकडं कुठल्या नजरेनं बघतोय, तेही बघा.

स्ट्रोल हा त्यातला सगळ्यात बिनधोक. आपला फेरफटका. वाट सोपी, जमीन सपाट, अंगावर रोजचेच कपडे आणि थोड्या वेळानं परत यायचं ठरलेलं. सोबत कुणी असेल तर गप्पा चालू. चढ लागला, दम लागला की तो स्ट्रोल राहत नाही. म्हणूनच एखादा संघ फारसे कष्ट न घेता सामना जिंकला तर इंग्रजी पेपरवाले "स्ट्रोल्ड टू व्हिक्टरी" लिहितात. हा शब्द नाम म्हणूनही सर्रास चालतो: गो फॉर अ स्ट्रोल, टेक अ स्ट्रोल. गंमत म्हणजे सतराव्या शतकात याच शब्दाला भटकेपणाचा वास होता. गावोगाव खेळ करत हिंडणाऱ्या नटांना स्ट्रोलिंग प्लेयर्स म्हणत. आज तो वास उडाला आणि अमेरिकेत तर बाळाच्या ढकलगाडीचं नाव स्ट्रोलर झालं.

सॉन्टरचं तसं नाही. त्यात चालणाऱ्यासोबत एक बघणाराही असतो. तास सुरू होऊन बराच वेळ झालाय, मी फळ्यावर लिहितोय आणि एक पोरगं खिशात हात घालून, कशाचीच घाई नसल्यासारखं दारातून आत येतंय. ते वर्गात सॉन्टर करत आलं. पाय सावकाश पडतात, पण त्या सावकाश पडण्यात बेफिकिरी आहे, थोडी ऐटही आहे. मराठीत आपण "डुलत डुलत आले साहेब" म्हणतो, तो सूर. त्यामुळे तुमच्या पानावर पाहुण्याला "लेण्यांमधून सॉन्टर करा" असं सांगणं म्हणजे "जरा ऐटीत चाला हं" अशी सूचना देण्यासारखं होईल. चूक नाही म्हणता येणार, पण विचित्र वाटेल. हा शब्द नाम म्हणून फारसा येतही नाही. क्रियापद म्हणूनच शोभतो, आणि त्याला शेपूट हवं: सॉन्टर इन, सॉन्टर ओव्हर, सॉन्टर पास्ट.

याच्या व्युत्पत्तीची एक गोष्ट इंटरनेटवर सारखी फिरत असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकन लेखक थोरो यांचा चालण्यावरचा निबंध त्यांच्या निधनानंतर लगेच, जून १८६२ मध्ये छापून आला. त्यात त्यांनी सॉन्टरचा संबंध "सेंट तेर", म्हणजे पवित्र भूमी, या फ्रेंच शब्दांशी जोडला. पवित्र भूमीला निघालोय असं सांगून भिक्षा मागत हिंडणारे ते सॉन्टरर. गोष्ट सुंदर आहे, पण कोशकार ती मानत नाहीत. शब्दाचं खरं मूळ अजून पक्कं सापडलेलं नाही.

वॉन्डरमध्ये दिशा नसते, बस्स. पाय नेतील तिकडं. लक्ष उडालं तरी "माइंड वॉन्डर्स", आणि जत्रेत पोर हात सोडून कुठं गेलं तर ते "वॉन्डर्ड ऑफ". म्हणजे हरवण्याची शक्यता त्या शब्दातच बसलेली. खुलताबादच्या जुन्या गल्ल्यांना हा शब्द छान बसेल. दौलताबादबद्दल वर चहावाल्यांनी सांगितलंच आहे.

उच्चार मात्र सांभाळा. इंग्रजीत "ए" असलेल्या शब्दाचा उच्चार वॉन्डर, म्हणजे भटकणं. "ओ" असलेल्याचा वंडर, म्हणजे नवल. स्पेलिंगवरून वाटतं त्याच्या बरोब्बर उलट. माझ्या नोकरीभर पोरांनी यात घोळ घातला. कोशात बघून मीच फळ्यावर लिहून दिलं तरी घातला.

घोड्याचा_नाद (लोहा)

मास्तर सगळं सांगू लालेत पण ॲम्बल राहिलं की. ते आमच्या खात्यातलं आहे.

ॲम्बल ही मुळात घोड्याची चाल. आपल्याकडं तिला रवाल म्हणतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्याचा बाजार भरतो, तिथं या कधी. गिऱ्हाईक रंग बघतं, कान बघतं, पण पैसे काढायच्या आधी चाल बघतं. दुडकी चालणाऱ्या घोड्यावर माणूस खालीवर आपटतो. रवाल चालीत एका बाजूचा मागचा पाय पडला की लगेच त्याच बाजूचा पुढचा पडतो, मग दुसऱ्या बाजूचे दोन. पाठ हालत नाही. जाणकार तर हातात पाण्याचा पेला घेऊन बसतात, सांडतं का बघायला. जुन्या काळी लांबच्या प्रवासाला असाच घोडा घेत, इकडंही आणि युरोपातही.

तर ॲम्बल म्हणजे अशी एकसारखी, आरामशीर, हिसका नसलेली चाल. त्यात ऐट नाही आणि घाईही नाही. म्हातारा माणूस रस्त्यानं ॲम्बल करत येतो, हत्ती करतो, रानातून घरी निघालेली म्हैस करते. मास्तरांचं उशिरा आलेलं पोरगं ॲम्बल करत आत आलं म्हटलं, तर त्याच्यावर कुणी चिडलेलं नाही असं होईल. बिचारं आहेच संथ.

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

लोहेकर, सलाम. यात एवढंच जोडतो की ॲम्बलचं मूळ लॅटिन ॲम्ब्युलारे, म्हणजे चालणे. ॲम्ब्युलन्स त्याच घरातली: सैन्याच्या मागोमाग चालत जाणारा फिरता दवाखाना होता, त्यावरून गाडीला नाव पडलं. संविधानाची उद्देशिका म्हणजे प्रीॲम्बल, "पुढे चालणारी". आणि ताई, तुमच्या गावच्या घृष्णेश्वराला पाहुणे गेले तर प्रदक्षिणेसाठी इंग्रजीत जो भारदस्त शब्द आहे, सर्कमॲम्ब्युलेट, तोही याच कुळातला. पण तो पानावर लिहू नका. "देवळाभोवती चालत फेरी" असं साध्या शब्दांत लिहा.

थर्ड_अंपायर

क्रिकेटची कॉमेंट्री ऐका, फुकटात शिकवणी होते. मध्यमगती बॉलर चार पावलांच्या रनअपने आला की "ॲम्बल्स इन". डीप पॉइंटला चेंडू ढकलून आरामात एक रन काढली की "स्ट्रोल थ्रू फॉर अ सिंगल". आणि आउट झालेला असूनही बॅट्समन निवांत पॅव्हिलियनकडे निघाला, पंचांकडे बघतसुद्धा नाही, तर तो "सॉन्टर्स ऑफ". तिन्ही वेळा माणूस सावकाशच चालतोय.

वेरूळची_पायवाट

गुरुजी, लोहेकर, खूप आभार. घोड्यावरून ॲम्बल एकदम डोक्यात बसलं.

म्हणजे मकबऱ्याच्या बागेला स्ट्रोल पक्का. सरळ आखलेल्या वाटा, मधे पाण्याचा पाट, सपाट जमीन. आता अडतं ते लेण्यांपाशी. १ ते ३४ लेणी दोन किलोमीटरहून जास्त लांबीत पसरलेली, त्यात जैन लेणी एका टोकाला. शिवाय १६ नंबरच्या कैलासाला बाजूने डोंगरावर चढून वरून बघता येतं. ते सगळं एकाच शब्दात कसं घालू? अजिंठ्याचं पण लिहायचंय.

आणि म्हैसमाळचं रॅम्बल? तो शब्द मी फक्त "असंबद्ध बडबड" या अर्थाने ऐकलेला.

पीक_डिस्ट्रिक्टचा_नांदेडकर

रॅम्बलवर मी बोलतो. मँचेस्टरजवळ राहतो आणि रविवारी तेच करतो.

ताई, बडबडीचा अर्थ बरोबर आहे. माणूस बोलता बोलता इकडून तिकडे जातो, तशीच पायांनीही जाण्याची क्रिया. पण ब्रिटनमध्ये रॅम्बल म्हटलं की गावाबाहेरची, शेताशिवारातून, टेकड्यांवरून केलेली चांगली लांब पायपीट. चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी, हातात नकाशा. शब्दकोशात "रमतगमत" लिहिलेलं असलं तरी इथले रॅम्बलर दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर सहज चालतात. त्यांची मोठी संघटना आहे, १९३५ पासूनची.

आणि या शब्दामागे भांडणाचा इतिहास आहे. इथली माळरानं जमीनदारांनी शिकारीसाठी अडवून ठेवलेली. गिरण्यांमधले कामगार सुट्टीच्या दिवशी मोकळी हवा खायला डोंगरात जाणार तर राखणदार हाकलून लावायचे. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो लोक ठरवून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर घुसले. राखणदारांशी झटापट झाली, काही तरुणांना तुरुंगात जावं लागलं. पुढे १९५१ मध्ये हाच भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. खाजगी मालकीच्या असल्या तरी डोंगर आणि माळरानांवर पायी फिरण्याचा कायदेशीर हक्क इंग्लंड-वेल्समध्ये मिळायला मात्र २००० सालचा कायदा यावा लागला. त्या हक्काला लोक म्हणतात "राइट टू रोम". रॅम्बल नाही, वॉन्डर नाही, रोम. कारण रोममध्ये मोकळीक आहे, अडवणारं कुणी नाही आणि आवाका मोठा आहे. मोबाइलचं रोमिंग आठवा, आपली हद्द ओलांडून कुठेही.

म्हैसमाळला पठारावर, पावसाळ्यात, वाट सोडून दोन-तीन तास हिंडायचं असेल तर ब्रिटिश पाहुण्याला रॅम्बल आवडेल. अमेरिकन माणूस त्या जागी हाइक म्हणेल. दोघांना कळावं असं वाटत असेल तर वॉक लिहा आणि किती वेळ लागतो ते लिहा.

हुरडा_पार्टी

मला एक कळत नाही. पाहुण्याला इथं उन्हात चालायचंय. त्याला स्ट्रोल की ॲम्बल याचं काय पडलंय? "बाटलीभर पाणी घ्या, टोपी घाला" हे लिहा. मुलगा बरोबर बोलतोय, सगळीकडे वॉक.

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

अर्धं मान्य. निम्म्याहून जास्त ओळींत वॉकच हवा. दर वाक्याला नवा शब्द टाकला की भाषा शिकाऊ दिसते, आणि भाषांतराच्या यंत्राला तीच खोड असते. पण सगळीकडे वॉक लिहिलं तर मकबरा आणि दौलताबाद एकसारखे होतात. साठीतली बाई सपाता घालून किल्ल्याच्या पायऱ्यांशी येईल. दौलताबादला सरळ क्लाइंब लिहा. चढ आहे हे त्या शब्दानं आधीच सांगून टाकलं की पुढचं स्पष्टीकरण वाचतं.

लेण्यांना एकच शब्द घालायचा हट्ट सोडा. कैलासाच्या वरच्या वाटेला "वॉक अप". लेण्यालेण्यांमधल्या अंतराला साधं वॉक. एखाद्या लेण्यात शिरून आत खांबांमधून निवांत बघत फिरायचं, तिथं वॉन्डर, कारण तिथं कुणी रांगेनं बघत नाही.

अजिंठ्याला मात्र एक शब्द आयता आहे: मिॲन्डर. तिथं वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणाच्या कड्यात लेणी आहेत. मिॲन्डर हा शब्दच नदीवरून आला. पश्चिम तुर्कस्तानात मेअँडर नावाची प्राचीन नदी होती, आज तिला बुयुक मेंदेरेस म्हणतात. ती इतकी नागमोडी की तिचं नाव सगळ्या वळणांना लागलं. पण ते क्रियापद नदीलाच द्या, पाहुण्याला नको. माणूस मिॲन्डर करतो म्हटलं की तो वाटेत दहा ठिकाणी रेंगाळतो असं होतं, आणि अजिंठ्याला परतीची बस चुकली की पंचाईत.

जुना_औरंगपुरा

मास्तर, आमच्या वडलांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं, निजामाच्या काळात. रात्री जेवण झालं की ते म्हणायचे, "चहलकदमी करून येतो." आई म्हणायची शतपावली. चहल म्हणजे फारसीत चाळीस. म्हणजे आईच्या हिशोबानं वडील साठ पावलं कमी चालायचे! याला इंग्रजीत काय म्हणाल?

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

आफ्टर-डिनर स्ट्रोल. पावलं मोजणारा शब्द त्यांच्याकडं नाही. पण तब्येतीसाठी नेमानं केलेल्या फेरीला जुने इंग्रज "कॉन्स्टिट्यूशनल" म्हणत. डॉक्टरनं सांगितलं म्हणून सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारे आपले सगळे मधुमेही त्यात बसतात. शब्द आता जरा जुनाट झालाय.

कोपऱ्यावरचा_चहा

"विनाकारण थांबू नये" अशी पाटी असते ना, त्यात पण एक असलाच शब्द असतो. लॉइटर. तो फिरण्यात धरायचा का?

पीक_डिस्ट्रिक्टचा_नांदेडकर

तो फिरण्यापेक्षा रेंगाळण्याचा. आणि त्यात संशय आहे, म्हणून तर पोलिसांच्या पाटीवर असतो. प्राउल त्याच्याही पुढचा, बिबट्या किंवा चोर. हे दोन्ही होमस्टेच्या पानापासून लांब ठेवा.

उलट्या टोकाचेही शब्द आहेत. ट्रज म्हणजे थकून, पाय ओढत, नाइलाजानं चालणं. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा ज्यांना यावं लागलं ते ट्रज करत आले असं म्हणता येईल. स्ट्रोल तर नक्कीच नाही. आपण मराठीत रुळवलेला ट्रेक मुळात दक्षिण आफ्रिकेतल्या डच शेतकऱ्यांचा, बैल जुंपलेल्या गाड्या ओढत केलेला लांबचा प्रवास. आता शनिवार-रविवारच्या किल्ल्याला पण ट्रेकच म्हणतो आपण, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

एक विचारतो. श्रावणात शुक्रवारी रात्री शहरातून लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात. पाहुणे नेमके त्या वेळी असतील तर त्यांना वाटेत ती गर्दी दिसणार. ते कसं लिहाल?

वेरूळची_पायवाट

चांगलं आठवण करून दिलंत दादा. "पायी"ला "ऑन फूट" लिहू का? वॉकिंग पिल्ग्रिम्स?

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

दोन्ही बरोबर. तिथं या धाग्यातला एकही शब्द लावू नका. जे माणूस देवाकडं निघालंय, ते अनवाणी असो की बुटात, ते स्ट्रोल करत नसतं आणि वॉन्डर तर मुळीच नाही. त्याला कुठं जायचंय ते पक्कं माहीत आहे.

शब्दखुळी

मास्तरांशी एका बाबतीत असहमत. सॉन्टरला तुम्ही उगाच उद्धट करून टाकलंत. इंग्रजी प्रवासलेखनात "वुई सॉन्टर्ड थ्रू द मार्केट" असं कितीदा तरी येतं आणि त्यात ऐट नसते. सुट्टी आहे, घड्याळ बघायचं नाही, एवढाच भाव.

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

पटलं. स्वतःबद्दल लिहिताना तो गोडच वाटतो, कारण बघणारा आणि चालणारा एकच. दुसऱ्याबद्दल लिहिलं की सूर बदलतो. आणि दुसऱ्याला करायला सांगितलं की अवघड होतं. आपल्या ताईंचं पान सगळं "करा" या अर्थाचं आहे, म्हणून मी नको म्हटलं.

वेरूळची_पायवाट

सगळ्यांचं ऐकून असं केलंय, बघा:

मकबरा: संध्याकाळी बागेत स्ट्रोल. इंग्रजीत "स्ट्रोल इन द गार्डन्स" लिहिलंय.
दौलताबाद: क्लाइंब. बूट हवेत, टॉर्च हवा, सकाळी लवकर जा.
वेरूळ: वॉक. कैलासाला आधी खालून, मग वॉक अप. आत वॉन्डर.
अजिंठा: नदी मिॲन्डर करते, पाहुणे वॉक करतात.
खुलताबाद: वॉन्डर. दर्ग्यात आणि भद्रा मारुतीला डोकं-पाय कसे ठेवायचे ते वेगळं लिहिलंय.
म्हैसमाळ: वॉक, दोन तास. रॅम्बल काढला.

सॉन्टर कुठेच नाही. ॲम्बल पण नाही, लोहेकर माफ करा.

घोड्याचा_नाद (लोहा)

माफ केलं. पाहुण्यांना माळेगावला पाठवा, तिथं लिहा.

शब्दखुळी

"स्ट्रोल इन" नको, "स्ट्रोल थ्रू द गार्डन्स" करा. इनने चूक होत नाही, पण "स्ट्रोल इन" जोडून वाचलं की कुणी आरामात आत शिरल्याचा अर्थ डोकावतो. तिकिटाच्या खिडकीवरून तसं कुणी शिरू नये.

हुरडा_पार्टी

शब्द झाले सगळे? मग हे पण लिहा: वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद. मंगळवारी फाटकापर्यंत चालत गेलेल्या पाहुण्याला तुमचं क्रियापद काही कामाचं नाही.

वेरूळची_पायवाट

लिहिलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरात. थ्रू पण केलं.